मधला भुसा

झेंगझोऊ, ३ सप्टेंबर १९९८

तीर्थस्वरूप धाकट्या काकांना पुतण्या गुइशेंगचा, कपाळ जमिनीला टेकून, नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? काकूंचा खोकला? गावच्या भोंग्याचा आवाज गेल्या हिवाळ्यात बसला होता, तो सुटला का? की तुम्ही त्यावरून वर्तमानपत्र वाचायला लागलात की अजून सगळ्या गावाला सर्दी झाल्यासारखं वाटतं? (यापुढे आजोबांची तब्येत विचारायला पेन आपोआप सरकलं होतं. तीन वर्षांची सवय आहे. थांबवलं.) मी ठीक आहे. खानावळीतलं जेवणही ठीक आहे, म्हणजे कोबी आहे.

चार महिने झाले, तुमचं पत्र नाही. कारण मला ठाऊक आहे. तुमचा समज असा, की आजोबा शेवटच्या घटका मोजताहेत हे वाचूनही मी आलो नाही. आईवडील दक्षिणेत कारखान्यात गेले तेव्हापासून ज्या माणसाने मला वाढवलं, त्याच्यासाठी मला दोन दिवस काढता आले नाहीत. काका, शपथेवर सांगतो, मी ते वाचलंच नव्हतं. पत्र मिळालं होतं, उघडलं होतं, उत्तरही त्याच दिवशी पेटीत टाकलं होतं. फक्त वाचलं नव्हतं. हे असं कसं होतं ते तुम्हांला पटवायचं तर मला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा पाय वर घेऊन बसा.

आमच्याकडे इंग्रजीची ती परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी नाही. मी शिकतो पाटबंधारे. पण धरणाची भिंत कितीही सरळ बांधली तरी इंग्रजी उतारे सोडवता आले नाहीत तर पाणी अडवायचा अधिकार नाही. चार उतारे, वीस प्रश्न, पस्तीस मिनिटं. शिकवायला गेंग सर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "उतारा वाचायचा नसतो रे गाढवांनो, सोडवायचा असतो." आधी प्रश्न बघायचे. मग प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ. एकाने विचारलं, सर, मधलं? "मधला भुसा. भुसा जनावरं खातात." उत्तराच्या चार पर्यायांचंही तसंच. तीन लांब आणि एक आखूड असलं की आखूडाला खूण. तीन आखूड आणि एक लांब असलं की लांबाला. (हसू नका, या हिशेबाने मी विसापैकी चौदा मिळवत होतो.) एकदा सरावाची परीक्षा झाल्यावर सरांनी मजेत विचारलं, काय होतं रे उताऱ्यात? चाळीस जणांत एकाला सांगता येईना. कुणी म्हणे देवमासे, कुणी म्हणे बँक. ती पुरात मुलगा गमावलेल्या एका बाईची गोष्ट होती. हे माहीत होतं फक्त चू शिन नावाच्या मुलीला, कारण ती सगळं वाचत बसली, रडली, आणि तिचा अर्धा पेपर कोरा राहिला. सरांनी तो पेपर वर धरून सगळ्यांना दाखवला. "बघा, ही वाचत बसली. हिचं कसं व्हायचं!" आम्ही हसलो. त्यात माझा आवाज मोठा होता, हेही लिहून टाकतो.

रोज आठ-आठ उतारे असे फस्त करायला लागल्यावर डोळ्यांना वळणच पडतं. वसतिगृहात थर्मास भरायची उकळत्या पाण्याची खोली आहे, तिच्याबाहेर एक नोटीस लागली होती. पहिली ओळ: गरम पाणी नेहमीच्या वेळेला मिळेल. शेवटची ओळ: सर्वांनी सहकार्य करावं. मी थर्मास घेऊन सहकार्य करायला आत गेलो. मधे लिहिलं होतं की तिसरी तोटी निसटते, तिला हात लावू नये. माझ्या उजव्या पावलाची कातडी मोज्याबरोबर निघून आली, तीन आठवडे एका पायावर उड्या मारत वर्गात जात होतो, आणि त्या तीन आठवड्यांतही मी उतारे तसेच सोडवले. तेव्हा तरी अक्कल यायला हवी होती. उलट, पाय वर करून बसल्यामुळे सराव जास्त झाला म्हणून मी खूश होतो.

अशात, मार्चअखेरीस, तुमचं तीन पानी पत्र आलं. काका, तुमचाही थोडा दोष आहे, रागावू नका. आपल्या घरात वाईट बातमी कुणी दारातून आणत नाही. आधी गहू, मग डुकरं, आणि मग कुठेतरी पोटात ती दडवलेली असते. पहिली ओळ: गहू गुडघ्याला लागला. शेवटची: डुकरीला नऊ पिल्लं झाली. पुढच्या परिच्छेदाची पहिली: आजोबा तुझी आठवण काढतात. (ते काय, नेहमीच काढायचे.) शेवटची: अभ्यासात कसूर करू नकोस. मला वाटलं, वा, सगळं झकास. आणि या दोन ओळींच्या मधे तुम्ही लिहिलं होतं, ते आता मला पाठ आहे: "त्यांना घास उतरत नाही. पेजसुद्धा चमच्याने, तीही परत येते. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, गहू कापायला हे नसतील. खाट दाराकडे वळवून घेतली आहे. बस थांबली की विचारतात, कोण उतरलं. एकदा येऊन जा."

मी उत्तर पाठवलं की सगळे मजेत आहात हे वाचून आनंद झाला. त्या उत्तराबद्दल शेवटी लिहितो.

मग एप्रिलअखेर तुमचं दुसरं पत्र आलं, एका ओळीचं. "आजोबांना काल टेकडीवर, आजीशेजारी ठेवलं." पहिली ओळ तीच, शेवटची तीच, म्हणून ते पत्र पूर्ण वाचलं गेलं. खाटेखालून आधीचं पत्र काढलं आणि तुमच्यासारखं, शब्दाखाली बोट धरून वाचलं. दोनदा स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "कुठं जायचंय?" आणि मला आपल्या गावाचं नाव घेता येईना. मागचा माणूस ढोसायला लागला, "बोल की बाबा, मुका आहेस का?" दोन्ही वेळा रांगेतून बाहेर आलो. घरी येऊन काय सांगणार होतो? की मला वेळ होता, पाय बरा झाला होता, सुट्टीही मिळाली असती, फक्त मी वाचलं नाही? न येणारा नातू निदान दगड तरी म्हणवून घेतो. माझ्यासाठी शब्दच नव्हता. लाज वाटली काका, दुसरं काही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतही अभ्यासाचं निमित्त काढून इथेच कुजलो.

जूनमध्ये परीक्षा झाली. पहिला उतारा मधमाश्यांचा होता. मी बोट धरलं. मग ते बोट उचलेचना. मधमाश्या, त्यांचं घर, त्यांची म्हातारी राणी मेल्यावर त्या काय करतात, सगळं वाचलं. दुसरा उतारा मिठाचा, तोही वाचला. दहाच्या दहा उत्तरं बरोबर, याची मला खात्री आहे. तिसऱ्या उताऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट असताना वेळ संपली.

जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या पहिल्याला, गेलेल्यांना हिवाळ्याचे कपडे पोचवायच्या दिवशी, थडग्यावर कागदी कपडे जाळायला यावं असं मनात आहे. आजोबांना थंडी फार वाजायची, कापूस भरल्यासारखा दिसणारा जाड कागदी कोट इथे मिळतो, तो आणीन. तुम्ही नको म्हणालात तर टेकडीच्या खालूनच परत जाईन.

काकूंना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुमचा,
गुइशेंग

ता. क. निकाल लागला. पंचावन्न. साठ लागतात. जानेवारीत परत बसायचं. गेंग सर म्हणतात, आधी ते बोट कापून ये.

ता. क. २. हे सगळं पुराण ज्यासाठी लिहिलं ते आता विचारतो. माझी पत्रं आजोबांना तुम्हीच वाचून दाखवायचात. तुम्ही एक शब्द गाळत नाही. भोंग्यावर तुम्ही वर्तमानपत्राची तारीख, पान क्रमांक आणि छापखान्याचा पत्तासुद्धा वाचता, आणि त्यावरून गावातली पोरं तुमची नक्कल करतात, मीही केली आहे. माझ्या त्या उत्तरात, मधे, एक ओळ होती: "आजोबांना म्हणावं, मी येईपर्यंत रोज दोन-दोन वाडगे शेवया हाणा, आल्यावर वजन करणार आहे." काका, ती तुम्ही वाचलीत का? जन्मात एकदा तुम्ही मधली ओळ गाळली असेल, तर तेवढं कळवा.

ता. क. ३. गाळली नसेल, तरी गाळली असंच लिहा. पत्र कितीही लांब असू द्या. मी बोट धरून सगळं वाचीन आणि सगळं खरं मानीन.