औषध चढलं म्हणालो

१९ ऑगस्ट २००९
मंजूचं डोकं सकाळपासून ठणकतंय. फवारणीचं औषध चढलं, दुसरं काय! बीटी कापसाला अळी लागत नाही म्हणे — पण तुडतुडे कुठे सोडतात? पंपात पाणी ओतायला तीच होती. आठवा महिना चालू, मीच नको म्हणायला हवं होतं. माझ्या आईनं तिला मीठ-लिंबाचं पाणी पाजलं.

२१ ऑगस्ट
पाय सुजलेत, तोंडही. म्हणाली, "मले दोन-दोन दिसून राह्यलं." गावातल्या डॉक्टरला मीच सांगितलं, औषध चढलंय. त्यानं सुई दिली. बीपीचा पट्टा बांधला नाही. मीही म्हटलं नाही — मला काय ठाऊक!

२२ ऑगस्ट
चहा ठेवताना पडली. दातखीळ, झटके, तोंडाला फेस. शेजारच्या अकीलभाईंच्या जीपमध्ये घातली. चिखलीहून पुढे बुलढाण्याला पाठवलं. वाटेत आणखी दोन झटके.

तिथंही माझं तेच — औषध चढलं! डॉक्टर इख काढायला पोटात नळी घालायला निघाले. सिंधूताई सिस्टरनं मंजूच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला. पट्टा बांधला. एकशे नव्वद. "अरे बाबा, हे फवारणीचं इख नाही. बीपी डोक्यात गेलं हिचं." झटके थांबायच्या सुया दिल्या. मग ऑपरेशन. मुलगी झाली. दीड किलो. काचेच्या पेटीत ठेवली आहे.

२३ ऑगस्ट
शुद्धीवर आली. "लाईट काऊन गेली?"

सकाळचे अकरा वाजले होते.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे, नजर बहुतेक परत येईल. सारखे येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, लघवी मोजतात. मी नुसता बसतो. काही वाटत नाही. रडू येत नाही, याचीच भीती वाटते.

२४ ऑगस्ट
पहाटे मुलगी गेली. मी आणि अकीलभाई मातीत ठेवून आलो.

आई म्हणाली, "तिले सांगू नोको, बीपी चढन." मंजू विचारते, "पोरगी कशी हाये?" झोपलीय, म्हणालो. "कोनावर गेली?" तुझ्यावर.

२५ ऑगस्ट
दूध उतरलंय. चाचपडत वाटीत पिळते, मला देते — "तिले पाजून या." मी बाहेर जातो, नालीत ओततो, वाटी धुऊन आणतो. तीनदा झालं.

२६ ऑगस्ट
दिसलं! माझी दुमडलेली कॉलर तिनंच सरळ केली. म्हणाली, "चला, आता मलेच न्या तिच्यापाशी."