पाच पेट्या, एक ॲम्प्लिफायर आणि माझे ठिकाणावर असलेले डोके

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, एका सुताराची विधवा आणि एकाच मुलाची आई, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते. ते मी रद्द करते. ते फाडून टाकले आहे.

मी पूर्ण शुद्धीत आहे. इतर लोक हे वाक्य एका ओळीत लिहून पुढे सरकतात. मला तसे करता येत नाही, कारण माझ्या शुद्धीबद्दल माझ्या घरातच शंका काढली गेली, आणि काढणारा कुणी परका नव्हता. म्हणून आधी पुरावा आणि मग वाटणी. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, एवढं लांबण लावायची गरज नाही." मी म्हटले, "लावू द्या. मेल्यावर मला मध्येच कुणी तोडणार नाही, तेवढाच फायदा."

कलम एक. पुरावा.

माझ्या यजमानांनी शेवटच्या दोन वर्षांत पुढच्या खोलीसाठी पाच स्पीकरच्या पेट्या बनवल्या. पुढच्या दोन उंच, मध्ये एक आडवी, मागे दोन लहान. घरात थिएटर करायचे, हा त्यांचा हट्ट होता. लाकूड दुकानातले उरलेले, पण सांधा असा की नख शिरणार नाही. पेट्या झाल्या आणि ॲम्प्लिफायर घ्यायच्या आधी ते गेले. पेट्या मुक्या राहिल्या. सहा महिने चिरंजीव त्यांवर कुंड्या ठेवत होते आणि मी त्या उतरवत होते.

त्या पेट्यांमधून आवाज काढायचा, असे मी ठरवले. नवऱ्याने केलेली वस्तू एकदा तरी बोलावी असे मला वाटत होते, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्याजवळ फक्त पेन्शन, त्यामुळे हात आखडूनच खरेदी करायची होती. बाजारातल्या एका दुकानदाराकडे गेले. त्याचे खरे नाव मला ठाऊक आहे, पण या कागदात तो हजारवॅट याच नावाने राहील. तो म्हणाला, "मावशी, एवढ्या पैशात हजार वॅट दुसरीकडे दाखवा, मी दुकान बंद करतो." खोक्यावर हजार हा आकडा माझ्या तळहाताएवढा छापलेला होता. मी भुलले. दुकान अजून चालू आहे.

तो ॲम्प्लिफायर आठवडाभर सुरेख वाजला. मग एका दुपारी सिनेमा रंगात आला असताना आवाज बंद. पडद्यावर माणसे तोंडे हलवत होती आणि खोलीत चिडीचूप. संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले, त्यांनी बटण दाबले आणि आवाज खणखणीत आला. "आई, चालतंय की! तूच रिमोटवर काहीतरी दाबलं असशील." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू. चिरंजीव आधी हसले, मग चिडले, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की मला त्या नजरेची भीती वाटली. आपल्या मावसभावंडांना, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलांना, फोन करून हळू आवाजात सांगायचे, "आईला हल्ली आवाज बंद झाल्याचं वाटतं." ज्या बाईने आयुष्यभर कानाला हेडफोन लावून कुठली लाइन जिवंत आहे नि कुठली मेली हे ओळखले, तिला आवाज बंद झाल्याचं वाटतं!

आता कारण. मी पुढच्या उंच पेटीचे मागचे स्क्रू काढले. आत खाली दोन मोठे स्पीकर. यजमान पक्के सुतार, पण विजेचे काम त्यांना घरातल्या दिव्यांपुरतेच येत होते. एका बटणावर दोन दिवे जसे शेजारी शेजारी जोडतात, तसेच त्यांनी ते दोन स्पीकर जोडले होते. दिव्यांना ते चालते. स्पीकरला तसे जोडले की ॲम्प्लिफायरवर दुप्पट ओझे येते. प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा, पण दोघे मिळून चार होतात, आणि हजारवॅटच्या यंत्राच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते की सहाच्या खाली जोडू नये. यंत्र तापत होते. तापले की स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसत होते. संध्याकाळपर्यंत निवत होते आणि चिरंजीवांसमोर सरळ वागत होते. खोक्यावरचा हजारही असाच. पाचही बाजूंचे आकडे एकत्र करून, आवाज फाटेपर्यंत ताणून, क्षणभरासाठी मोजलेला. पाचही पेट्या एकदम वाजवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.

मग मी वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात गेले. या वेळी मी मोठा आकडा शोधला नाही. यंत्र चार ओहमचे ओझे पेलते का, हे आधी पाहिले. पाचही पेट्या एकदम वाजवून प्रत्येकीला वॅट किती, हे विचारले, आणि ज्यांना उत्तर देता आले नाही त्यांना नमस्कार केला. वजन पाहिले, कारण आतला ट्रान्सफॉर्मर जड असेल तर यंत्र दमत नाही. आमच्या खोलीला फार वॅट लागतही नाहीत. वॅट दुप्पट केले तरी कानाला आवाज किंचितच वाढतो. शेवटी दहा वर्षे जुना, खरचटलेला, हमालाने शिव्या देत वर आणलेला ॲम्प्लिफायर घेतला. वर हवा जायला वीतभर मोकळी जागा ठेवली. तो आजतागायत एकदाही बंद पडलेला नाही.

ज्या बाईने हे सगळे केले, तिचे डोके फिरले आहे असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने खुशाल म्हणावे. पण ते फिरलेले डोके त्याच्या डोक्यापेक्षा बरे चालते.

कलम दोन. या कलमासाठी हा कागद लिहिला आहे.

हजारवॅटचे यंत्र अजून जोडलेले होते, तेव्हा एका दुपारी माझी सून अंगात कणकण म्हणून लवकर घरी आली आणि माझ्याबरोबर सिनेमा पाहत बसली. आवाज बंद पडला. तिने उठून यंत्रावर हात ठेवला आणि "अगंबाई!" म्हणून मागे ओढला. तळहात लाल झाला होता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला सांगितले. मी बाहेरच्या खोलीत होते आणि माझे कान चांगले आहेत.

"मी ऐकलं ते बंद पडताना. आईंचं बरोबर आहे. हे बघ, माझा हात."

"तू यात पडू नकोस."

"यात म्हणजे कशात?"

त्याने नळ मोठा सोडला.

त्याच पंधरवड्यात चिरंजीव आपल्या एका जुन्या मित्राला चहाला घेऊन आले. मित्र माझ्या शेजारी बसले, तब्येत विचारली, मग म्हणाले, "आजी, शंभरातून सात वजा करत जा बरं." मी वजा करत गेले. तेवीसवर आल्यावर विचारले, "तुम्ही डोक्याचे डॉक्टर ना?" ते कानापर्यंत लाल झाले. "हो, आजी." चिरंजीव खिडकीबाहेर पाहत होते.

तोपर्यंत न्यायालयात द्यायचा अर्ज तयार होता. आई व्यवहार सांभाळण्यास असमर्थ असून तिच्या घराची व्यवस्था मुलाकडे द्यावी, असा. त्यावर सुनेची सही हवी होती. तिने केली नाही. माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, "खोट्यावर मी सही करणार नाही. तुला घर विकायचं आहे, ते आईंना सरळ विचार."

त्याने मला कधीच विचारले नाही. विचारले असते तर कदाचित दिलेही असते. आई खरे बोलते हे त्याला माहीत होते, आणि तरी त्याने मला वेडी ठरवायला निघावे, याचा मला जो राग आहे तो म्हातारपणाने कमी झालेला नाही. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात राग लिहिण्याची पद्धत नाही. माझी आहे.

कलम तीन. घर.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते, सर्व खोल्या, गच्ची आणि पुढच्या खोलीतील पाच पेट्यांसह, मी माझ्या सुनेला देते. तिच्या एकटीच्या नावाने. चिरंजीवांनी या घरात राहावे की नाही, हे ती ठरवेल. ती राहू देईल, असे मला वाटते. ती माझ्याहून मऊ आहे. ठेवू नये असे माझे मत, पण माझे मत तिच्यावर बंधनकारक नाही.

कलम चार. बँकेतील ठेव नातीला, सज्ञान झाल्यावर. तोपर्यंत व्यवस्था तिच्या आईकडे. बापाकडे नाही.

कलम पाच. यजमानांची हत्यारे त्यांच्या जुन्या भागीदाराला द्यावीत. त्याने या पेट्या पाहून "दोन माणसं सहज मावतील" असा विनोद केला होता आणि यजमान त्या रात्री जेवले नव्हते. करवती गंजल्या आहेत. धार न लावता द्याव्यात.

कलम सहा. चालणारा ॲम्प्लिफायर सुनेचा. पेट्यांवर कुंड्या ठेवू नयेत.

कलम सात. हजारवॅटचे यंत्र मी ठेवून दिले आहे. ते चिरंजीवांना. वाजवून पाहावे. मध्येच बंद पडले तर आसपासच्या माणसांना सांगावे, आणि ते आपल्याकडे कसे पाहतात ते अनुभवावे. मोकळा खोका दुकानदाराला परत करावा, आकड्याची बाजू वर ठेवून.

कलम आठ. माझे अंत्यविधी साधे करावेत. मावसभावंडांनी भाषणे करू नयेत. ज्यांनी फोनवर माझी कीव केली, त्यांनी मागे उभे राहावे.

कलम नऊ. चिरंजीवांनी या मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान द्यावे. जरूर द्यावे. पण मग त्यांना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. एक, आई भ्रमिष्ट होती. दुसरी, जिने तो आवाज बंद पडताना ऐकला ती त्यांची बायको खोटे बोलते. हे सिद्ध करताना त्यांना राहायचे आहे तिच्या घरात. रोज संध्याकाळी दाराची बेल वाजवायची आणि तिने उघडेपर्यंत बाहेर उभे राहायचे.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही सांगण्यावरून केलेले नाही. सुनेला यातले काही माहीत नाही. सही करण्यापूर्वी साक्षीदार डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारले, "आजी, कुणाचा दबाव नाही ना?"

मी म्हटले, "आहे. रागाचा."

"तो चालतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला तुमच्या मुलाने सांगितलं होतं, तुम्हाला भास होतात."

"भासाने सुनेचा हात भाजत नाही."

त्यांनी पेन उघडले.

स्थळ : माझे घर, पुढची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर
सही : (मृत्युपत्र करणारी, स्वहस्ते, चष्मा लावून)

साक्षीदार एक : खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई. माझा ॲम्प्लिफायर तिच्या छतावर वाजतो आणि तिची तक्रार नाही.

साक्षीदार दोन : मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. या घरात त्यांना प्रथम माझ्या मुलाने आणले. आज मी बोलावले. त्यांनी मला तपासले, सर्व कलमे वाचली आणि माझ्यासमोर सही केली.