बारावी चूल

थोरलीमळी, ता. पलूस
दि. १७ ऑगस्ट

चि. दीपमालास सुलाआत्तीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, समदी खुशाल हाय. फोन का केला न्हाई म्हणशील, तर फोन तुझ्या आईचा, आणि तो लावला की सोप्यात बसून अख्खं घर ऐकतंय. मला सांगायचंय ते घराच्या कानावर जायला नको. पाकीट मातूर साताऱ्यालाच उघडतंय, एवढा भरवसा हाय.

पाणी उतरलं. गिरणीची मोटर मी आदीच माळ्यावर चढवली हुती, म्हणून वाचली. दगडात गाळ बसलेला, तो खरवडून छिन्नीनं टाकी लावून घेतली आणि चवथ्या दिवशी पट्टा फिरायला लागला. तुझ्या आबानं मदतीला माणूस देतो म्हणलं, मी नको म्हणलं. तुला माझा सोभाव ठाऊक हाय.

आता रागाचं. तुझ्या हापिसाची माणसं मंगळवारी आली. धान्य कुणाला द्यायचं त्याची यादी करायला बसली कुठं, तर तालमीत! कोरडी जागा तेवढीच म्हणून तुझ्या आबानं, पूर-कमिटीचा अध्यक्ष ना तो, हौसेनं सतरंजी टाकली. अगं बया, त्या तालमीची पायरी ह्या गावातली बाई जन्मात कवा चढली हाय का? तांबडी माती विटंल म्हणत्यात. तुमच्या शहरातल्या पोरी चालल्या, आमी न्हाई. मग कुणाच्या घरात किती माणसं, हे सांगितलं कुणी? बाप्यांनी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

गिरणीत बसून मला काय दिसतंय ते ऐक. पोत्यानं दळण आणणारी घरं पुराआदी जेवढं दळत हुती, तेवढंच आजबी दळत्यात. त्यांच्या भिंतींना पाणी लागलं हे खरं, पण धान्य माळ्यावर हुतं. यादीत पयली नावं त्यांचीच. आणि ज्यांच्या उंबऱ्याला थेंब शिवला न्हाई, पण रान पाण्याखाली गेल्यामुळं भांगलणी-खुरपणीचं कामच बंद, त्या बायका पिशवीच्या तळाला चिपटंभर जोंधळं घेऊन येत्यात. रंगुबाई गेल्या आठवड्यात एकदाच आली. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या परसात राहती, भावाच्या कार्डावर नाव, आणि तीन दगडांची चूल स्वतःची. अशा बायका मी बोटावर मोजल्या, अकरा निघाल्या. यादीत एकीचंबी नाव न्हाई.

साताऱ्यात बसून तुमी कुणाला जेवू घालताय, ते एकदा डोळं उघडून बघा.

लोभ हाय तो हायच, राग मातूर उत्तर येईस्तवर ऱ्हाईल.

तुझी,
सुलाआत्ती


सातारा
दि. २२ ऑगस्ट

ती. सुलाआत्तीस दीपमालाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. कुत्रं पीठ खातंय इथपर्यंत आले, तशा आमच्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या की तुझ्या आत्तीला नोकरीवर घेऊ या. मी सांगितलं की ती तुम्हालाच कामावरून काढील.

चूक आमची आहे, आणि ती सतरंजीपुरती नाही. सहा गावांत तीन महिने तांदूळ, तूरडाळ आणि तेल द्यायचं आहे. नियम कागदावर चांगला आहे: चूल वेगळी, ते घर वेगळं. पण माहिती भरताना आम्ही चूल विचारलीच नाही, कार्ड विचारलं. कार्डावर भाऊ कुटुंबप्रमुख, आणि भाऊ छाती पुढे काढून सांगतो की बहीण आमच्यातच जेवते. आमचा तक्ता त्याचं ऐकतो आणि बहिणीचं पोट भरलं असं धरून चालतो. मी ते सहा गावांचे तक्ते परत काढले. माहेरी राहणारी एकही बाई कुठल्याच यादीत नाही. एकही नाही, आत्ती! मी रोज हेच काम करते आहे आणि मला ते दिसलं नाही.

नऊ सप्टेंबरला आमची माणसं परत येतील, आणि या वेळी तुझ्या गिरणीत बसतील. तिथं यायला कुठल्या बाईला कारण शोधावं लागत नाही. मात्र दोन अटी आहेत. बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की माझी चूल वेगळी. आणि त्याच घरातल्या एका मोठ्या माणसानं साक्षीला सही करायची. मागच्या पुरात एकेका घराची कागदावर तीन-तीन घरं झाली होती, म्हणून ही अट, ती मला मोडता येत नाही. बारा तारखेला यादी बंद होईल.

आणि एक. तू अकरा मोजल्यास. बारावी कुठाय? मी चौथीत असल्यापासून तुझी चूल गोठ्याशेजारच्या खोलीत आहे. लोकांचं दळण कमी झालं तर गिरणीवालीच्या चुलीचं काय होतं, एवढं मला कळतं.

माया करतेसच, रागावलीस तरी दोन ओळी टाक.

तुझी,
दीपा


थोरलीमळी
दि. २७ ऑगस्ट

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

अकरा दारं हिंडून आले. एकबी तयार न्हाई. रंगुबाई म्हणाली, उपाशी ऱ्हाईन, पण भावाला गावात खाली बघायला लावणार न्हाई. नवऱ्यानं हाकललं तवा त्यानं निदान परसातली जागा तरी दिली. दुसरी म्हणाली, आज यादीत नाव घातलं तर दिवाळीला भाऊबीजेचं दार बंद हुईल, मग ओवाळू कुणाला? ती बोलली ते खोटं न्हवतं.

तुझ्या बारावीचं उत्तर. लय शहाणी झालीस! मी दोन येळा जेवती का एक येळा, हे तू इचारायचं न्हाईस. तुझ्या आबाला मी कडेवर घेऊन वाढवलंय. आई गेली तवा तो पाच वर्सांचा, मी अकराची. माझ्या हातचं खाऊन फौजेत गेला. सुभेदार होऊन आला तवा समद्या गावाआदी माझ्या पाया पडला. त्याला भर सभेत सांगू, की तुझी बहीण तुझ्या घरात जेवत न्हाई?

तुझ्या आईनं माझं पातेलं बाहेर ठेवलं तवा तो काश्मिरात हुता. सुट्टीवर आला, तवा आमी दोघींनी सांगितलं की माझं उपास लय, म्हणून मी वेगळं शिजवती. त्यानं मानलं. अठरा वर्सं मानतोय. गिरणीची खोली त्याच्या वाट्याची, आणि जमिनीवरच्या हक्कावर मी कवाच पाणी सोडून सही केलीय. तो उद्या म्हणला की उचल तुझा पट्टा, तर कुठं जाऊ?

एवढं लिवलं आणि पेन ठेवून दिलं हुतं. परत उचलतीय. काल दळण घालताना रंगुबाई चक्कर येऊन खाली बसली. तिला पाणी दिलं. तिच्या पिशवीत जोंधळ्यापेक्षा कोंडा जास्त हुता. माणसाची अब्रू, अब्रू म्हणून किती कोंडा खायचा गं?

नऊ तारखेला तुझी माणसं पाठव. पुढचं माझं मी बघते.

जीव हाय तवर माया कमी हुणार न्हाई, तुझ्या आगाऊपणावरसुद्धा.

सुलाआत्ती


थोरलीमळी
दि. १ सप्टेंबर

चि. दीपमाला हिस मानसिंगचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गावात चर्चा कानावर आली. तुझे ऑफिस गिरणीत बसून बहिणींची वेगळी यादी करणार आहे असे समजते. कमिटीचा अध्यक्ष मी असताना मला विचारले गेले नाही. फौजेत अशी पद्धत नसते.

मी अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. माझ्या हाताखालचा एक जवान उपाशी झोपला नाही. बर्फात रस्ता बंद झाला तेव्हा आधी त्यांचा लंगर, मग माझे ताट. आणि त्या माणसाची सख्खी बहीण पूरग्रस्तांच्या धान्याला हात पसरणार? आक्काचे उपासतापास असतात, म्हणून ती तिचे तिचे शिजवते. हे तुलाही माहीत आहे, तुझ्या आईलाही. उद्या गाव म्हणेल, सुभेदाराला बहीण जड झाली. मग मी पारावर कोणत्या तोंडाने बसू?

हे काम थांबव. या गावातला कुठलाही भाऊ साक्षीला सही करणार नाही, आणि मी तर मुळीच नाही. ही विनंती समजू नये.

तुझ्यावर जीव आहे, परंतु तो कागदावर मांडायची मला सवय नाही.

मानसिंग


सातारा
दि. ४ सप्टेंबर

ती. आबांस दीपमालाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा रडले, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. काम थांबणार नाही.

लहानपणी तुम्ही मला फौजेतली गिनती समजावली होती. सकाळी रांगेत उभं करून माणसं मोजतात, आणि जो गिनतीत नाही त्याचं राशन निघत नाही. आबा, माझी नोकरी तीच आहे. फक्त आमच्या गिनतीत काही माणसं रांगेतच उभी राहत नाहीत, कारण त्यांच्या वतीनं दुसराच कुणीतरी हजर म्हणून ओरडतो. मायेनं ओरडतो हो, वाईट म्हणून नाही. पण ताट रिकामं ते रिकामंच.

आत्तीचे कोणते उपास आहेत, ते मला सांगा. सोमवार कळतो, एकादशी कळते. अठरा वर्षं रोज कोणाचा उपास असतो? तुम्ही तिला शेवटचं जेवताना कधी पाहिलंत? दिवसाउजेडी गोठ्याशेजारी जा आणि तिच्या डब्याचं झाकण उघडून बघा. ते जमत नसेल, तर नऊ तारखेला गिरणीत या आणि सगळ्यांदेखत सांगा की ती तुमच्यात जेवते. आमची माणसं तेही लिहून घेतील. मी नसेन. माझंच गाव म्हणून मला त्या दिवशी यायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे.

गाव काय म्हणेल ते म्हणू दे. सुभेदाराच्या मुलीला गावाची भीती वाटली, तर तुम्हालाच वाईट वाटायला हवं.

माया कागदावर नका मांडू, मला ती पोचते. माझं मात्र हे एवढं बोलणं सोसा.

तुमची,
दीपा


थोरलीमळी
दि. ११ सप्टेंबर

चि. दीपमालास सुलाआत्तीचे उदंड आशीर्वाद.

काल नावं चढल्याची पावती आली असंल तुझ्या हापिसात, पण पावतीत काय कळतंय? म्हणून बैजवार लिवते.

नऊ तारखेला बायका डबं घेऊन आल्या, दळणाच्या नावाखाली. अकराच्या अकरा. भाऊबी आलं, दारात उभं ऱ्हायलं, हाताची घडी घालून. पुढं तुझा आबा, इस्त्रीच्या कपड्यात. तुझ्या पोरींनी इचारलं की कुणाची चूल वेगळी हाय. बायका भावांकडं बघायला लागल्या. मी मोटर बंद केली.

मी उठले. नाव सांगितलं. पोरीनं इचारलं, घरात माणसं किती, मी म्हणलं एक. कुटुंबप्रमुख कोण, म्हणलं मीच. आबानं लगेच दारातनं सांगितलं की ह्यात तथ्य न्हाई, आक्काला उपास असत्यात. पोरगी भली, तिनं त्याचंबी लिवून घेतलं आणि इचारलं, घरातलं साक्षीला कोण? कुणीच न्हाई. मला वाटलं, झालं, गेली गिरणी.

तवा मागनं तुझी आई पुढं आली. डोईवरचा पदर सारखा केला आणि लीलाबाई मानसिंग असं नाव सांगून म्हणाली, साक्षीला मी. ह्या बाईला कसलाबी उपास न्हाई. रंगुबाईला नवऱ्यानं हाकललं तवा हिनं तिला घरातलं दोन पायली जोंधळं दिलं, त्या रागापायी मी ह्या हातानं हिचं पातेलं बाहेर ठेवलं. मालकांना कळलं तर काय म्हणून उपासाचं सोंग मीच सुचवलं. आता लिवा. आणि तिनं सही केली, दीपे. तुझ्या आबाकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई.

अठरा वर्सं मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता कशा द्यायच्या ते कळंना.

मग रंगुबाई उठली. तिचा भाऊ निघून गेला, पण तिची भावजय आली साक्षीला. भावजयाच आल्या बघ, एकीमागं एक! चूल कुणी वेगळी केली ते त्यांनाच म्हाईत ना. माझ्यासकट धा नावं चढली. दोघी अजून गप्प हायत, उद्या यादी बंद व्हायच्या आदी सकाळीच त्यांच्या दारात बसणार हाय.

तुझा आबा त्या दिवशी जेवला न्हाई म्हणं. काल दुपारी माझ्या खोलीत आला. दार बुटकं, वाकून आत आला. खरंच झाकण उघडून डबा बघितला त्यानं. मग खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. म्हणाला, आक्का, आजपास्नं दोन्ही येळा मोठ्या सैपाकघरात जेवायला यायचं, लीला वाढंल, मी शेजारी बसंन. फकस्त ते नाव तेवढं काढून टाक.

मी म्हणलं, बाबा, तू बोलावलंस त्यात मी भरून पावले. सणावाराला येईन, पाटावर बसून जेवीन. पर सैपाकघरातनं एकदा मला काढलं तवा कुणी इचारलं न्हवतं. आता यादीत माझं मी नाव घातलंय, ते कोण काढायचं न्हाई. तूबी न्हाई. भूक लागली असंल तर बस, तवा तापलाय.

बसला. दोन भाकरी आणि खरडा, ताट पुसून खाल्ला. उठताना हळूच इचारलं, उद्या येऊ का. म्हणलं, ये की, पण येताना पीठ घेऊन ये. माझं राशन एका माणसाचं हाय.

माया हाय, ती अशीच दोन्हीकडनं चालू ठेव.

तुझी आत्ती,
सुलाबाई