आंब्याचे सहा ओंडके

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रोजेक्टची नोंद असावी लागते. प्रोजेक्ट: घरच्या घरी लाकडावर मशरूम. व्हिडिओत एक परदेशी माणूस ओंडक्याला भोकं पाडतो, त्यात मशरूमचं बीज लावलेल्या लाकडी खुंट्या ठोकतो, वरून मेण लावतो आणि सावलीत ठेवून पाणी मारतो. मग तो ओंडका चार वर्षं मशरूम देत राहतो. माणसाला फक्त वाट बघता आली पाहिजे. त्यात मला कोण हरवणार?

खरा प्लॅन वेगळा आहे. सौ. गेल्या जूनमध्ये सोमेश्वरकडे पुण्याला गेली, सुनेच्या बाळंतपणासाठी. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. आता सातवा महिना चालू आहे. ये म्हणून सांगणं माझ्या स्वभावात नाही. पण मशरूम तोडायचे, वाळवायचे, पाकिटं भरायची, हे मला एकट्याला झेपणारं नाही. काम पडलंय म्हटल्यावर ती आपोआप येईल.

मी एकटा मजेत आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

९ जानेवारी, गुरुवार
ओंडके आले. आंब्याचे, ताजे, सहा. देविदासच्या शेतातल्या झाडाच्या फांद्या. देविदास म्हणजे आमचा शेजारी, मेस चालवतो, माझा डबा त्याच्याकडूनच. त्याने विचारलं, काका, थंडी तर सरून राहिली, आता लाकडं काहून? मी प्रोजेक्ट समजावून सांगितला. तो म्हणाला, म्हंजे कुत्र्याच्या छत्र्या. मी म्हणालो, हॉटेलात खातात त्या. तो म्हणाला, हॉटेलात लोक काय बी खातेत.

अडाणी माणसाशी वाद नाही. मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवले. एक ते सहा नंबर दिले. तीन नंबर सगळ्यांत देखणा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
ड्रिल मशीन आणून भोकं पाडली. एकशे चाळीस. त्यातलं एक अंगठ्याला. हळद दाबली, मिनिटभरात रक्त थांबलं. आणि तिथेच डोक्यात आलं की भोक म्हणजे लाकडाची जखमच. जखम उघडी ठेवून कसं चालेल?

मी वसमतच्या मोंढ्यात छत्तीस वर्षं हळदीची प्रतवारी केली. कांडी मोडून वासावर सांगायचो, कुरुंद्याची की बाहेरची. व्हिडिओतल्या बिचाऱ्याला हळद माहीतच नसावी. सौ.ने कुरुंद्याच्या घरच्या हळदीचा डबा भरून ठेवला होता, तो सगळा वापरला. आधी भोकात हळद, मग खुंटी, मग मेणबत्तीचं मेण. ओंडके नवरदेवासारखे दिसतायत. हे तंत्र कुणाला सांगायचं नाही.

१५ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ७.४०
सौ.चा फोन रोज साडेसातला असतो. आज ७.३४. ओंडक्यांचं सांगितलं, हळदीचं सांगितलं नाही. नातू, रुद्र, आता बसायला लागला म्हणाली. मग नेहमीचं: जेवलात का, काय केलं? मी सांगितलं, पोळ्या केल्या, वांग्याची भाजी केली. डब्याचं तिला माहीत नाही. स्वतः लाटून खातो असंच सांगत आलोय. उगीच तिच्या जिवाला काळजी नको. ती म्हणाली, गोल होतेत का? मी म्हणालो, तुझ्यापेक्षा गोल.

२ फेब्रुवारी, रविवार
अजून काही नाही. व्हिडिओप्रमाणे सहा महिने तरी लागतात. संकल्प: ओंडके दिवसातून दोनदाच बघायचे.
११.४० बघितले.
१२.१५ बघितले. हे पाणी मारायला गेलो म्हणून, धरायचं नाही.
संध्याकाळी चार वेळा.

८ मार्च, शनिवार
व्हिडिओ कॉल. सगळा वेळ ओंडके दाखवले. एक ते सहा, क्रमाने, प्रत्येकाची माहिती देत. सौ. दोनदा म्हणाली, अवो, तुमचं त्वांड दाखवा. मी म्हणालो, तोंडात नवीन काही नाही. तीन नंबरवर आलो तेवढ्यात तिकडे रुद्र रडायला लागला आणि फोन बंद झाला. चार, पाच, सहा राहून गेले.

दाढी वाढलेली होती, हेही एक कारण.

२२ एप्रिल, मंगळवार
पारा त्रेचाळीसवर. ओंडके अंगणात टिकायचे नाहीत म्हणून आतल्या खोलीत आणले. सौ.च्या पेटीतल्या जुन्या साड्या ओल्या करून त्यांना गुंडाळल्या. तीन नंबरला जांभळी इरकल. कूलर त्यांच्याकडे वळवला, मी हातपंख्यावर. देविदास डबा घेऊन आला, दारात बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, काका, तब्येत बराबर हाय ना? मी म्हणालो, बिझनेसमध्ये थोडी तकलीफ सोसावी लागते. त्याने डब्यात आज दोन पोळ्या जास्त ठेवल्या होत्या.

दुपारी पडल्या पडल्या बघितलं तर त्या साड्यांमुळे खोलीत कुणी बसल्यासारखं वाटतं. बरं वाटतं. म्हणजे ओलावा चांगला राहतो, त्या दृष्टीने.

११ जून, बुधवार
सौ.ला जाऊन आज एक वर्ष. तिच्या लक्षात नसावं. मीही विषय काढला नाही.

सोमेश्वरचा फोन. सुनेची, पूनमची, नोकरी परत सुरू झाली, रुद्रला आईशिवाय कोण बघणार. बाबा, तुम्हीच इकडे या. मागून सौ.चा आवाज, पंधरा दिस तरी या म्हणावं. मी स्पष्ट सांगितलं, ऐन हंगाम तोंडावर आलाय, ओंडक्यांना पाणी कोण मारणार? सोमेश्वर म्हणाला, देविदास मारेल. मी म्हणालो, त्याला त्यातलं कळत नाही.

फोन ठेवल्यावर एक विचार आला. तो इथे लिहीत नाही.

कामाला लागलो. ओंडके परत अंगणात, साड्यांसकट.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.०५
आले. तीन नंबरवर, खालच्या बाजूला, पांढरं. बोटाच्या पेराएवढं. फोन साडेसातपर्यंत थांबवला नाही, सकाळीच मी केला. वर्षात पहिल्यांदा. सौ. घाबरून म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, मशरूम आले, एकट्याला झेपायचं नाही. ती म्हणाली, येते मी महालक्ष्म्यांना, पूनम चार दिस सुट्टी घेऊन राहिली.

बघा. बोलवावं लागलं नाही.

१७ ऑगस्ट. दुपारी ३
ते मेण होतं. उन्हाळ्यात वितळून खाली ओघळलेलं. देविदासने नखाने काढून दाखवलं. हरकत नाही. ती यायला अजून तेरा दिवस आहेत. संकल्प: पाणी चार वेळा.

३० ऑगस्ट, शनिवार
दाढी केली. नवा शर्ट. एसटी तीन तास लेट. मी स्टँडवर सकाळपासून होतो, तसं काम काही नव्हतं. ती वाळली आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, किती वाळलात.

घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि सरळ अंगणात गेली. तीन नंबरची साडी सोडली. म्हणाली, ही इरकल मी पुण्यात धुंडून राहिले व्हते. मग एका भोकावरचं मेण खरवडलं, बोटाचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं. हळद? मी तंत्र सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, अवो, लोणच्यात हळद काहून घालतेत? बुरशी लागू न्हाई म्हणून. अन् तुमी बुरशीचंच बी पेरलं, तेबी हळदीत.

मी म्हणालो, मोंढ्यात लोणच्याचा विषय निघत नसे. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. या घरात कुणी असं हसलेलं ऐकून चौदा महिने झाले. मशरूम न आल्याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्म्यांचं जेवण
पुरण शिजलं. पोळ्या लाटायला तिने ओट्याखाली हात घालून पोळपाट ओढला. तिथला नळ वर्षभर ठिबकतोय, रिपेअर माझ्या लिस्टवर आहे. पोळपाटाच्या कडेला मशरूम आले होते. अकरा. बारीक दांड्याचे, करडे, छत्रीसारखे. खायचे नव्हेत. पण एकही पाणी न मारता, हळद न लावता, आपल्या आपण.

मी आनंदाने काही बोलणार होतो. पण ती पोळपाट मांडीवर घेऊन खाली बसली होती. म्हणाली, वर्षभर लाटल्या न्हाईत तुमी. रोज मला पोळ्या केल्या सांगत व्हते. मी म्हणालो, देविदासचा डबा चांगला असतो. ती म्हणाली, व्हय, मग तसं सांगायचं. एकट्यानं करमत न्हाई, असं तरी सांगायचं. मला वाटलं, तुमचं माझ्याबिगर बराबर चाललंय.

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. पाहुणे आले.

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११
गेली. पोळपाट तिने घासून उन्हात दोन दिवस वाळवला, हळदीचा हात फिरवला आणि पिशवीत घातला. पूनमचा लई बारका हाय, म्हणाली, हितं पडून पडून सडंल.

स्टँडवर एसटी लागल्यावर म्हणाली, चला की माझ्यासंगं. मी म्हणालो, ओंडके. ती म्हणाली, कोणते ओंडके? कंडक्टरने बेल मारली. थांब म्हणणार होतो, पण खिडकीजवळ पोचेपर्यंत गाडी वळली.

५ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.५०
प्रोजेक्ट बंद. एक आणि दोन नंबर बंबात घातले. पाणी कडक तापलं. बाकीचे चार थंडीला होतील. तीन नंबर राहू देतो.

सौ.चा, पार्वतीचा, फोन, ७.३० बरोबर. सुखरूप पोचली. रुद्र तिने नेलेल्या पोळपाटावर बसतो, उठवलं की रडतो. मग विचारलं, काय केलं जेवायला?
मी म्हणालो, पोळ्या केल्या.
पोळपाट तिकडे तिच्यासमोर होता. ती म्हणाली, बरं.