डिपिंगच्या दिवसांत मला काय धाड भरलीय

३ डिसेंबर, मंगळवार
निकितानं, म्हणजे सुनेनं, बळंच नाशिकला डॉक्टरीणबाईकडं नेलं. तीन महिने पाळी नाय, मग आली ती आठ दिवस थांबेना. बाई म्हणाल्या, कुसाबाई, अठ्ठेचाळीस वय, पाळी जायची वेळ आली, हार्मोन कमी होतायत. त्यानं अंगात वाफा येतात, झोप उडते, विसरायला होतं, चिडचिड होते. म्हटलं, कुठं खाली पिशवी, कुठं वर डोकं. तर म्हणे तो हार्मोन डोक्यातपण काम करतो. म्हटलं, हार्मोनचं मला नका शिकवू, वीस वर्षं द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवतेय, तोपण हार्मोनच. म्हणे, ते वेलीचं वेगळं.
वही करा, रोज लिहा म्हणाल्या. पाळी, वाफा, राग, विसर. चौथी शिकलेय, लिहिता येतं. पण लिहिण्यासारखं काय नाय. आणि दाखवणार तर नायच.

४ डिसेंबर
राग नाय. विसर नाय.

५ डिसेंबर, गुरुवार
डिपिंगचे, म्हणजे घड बुडवायचे दिवस. माझी टोळी बारा बायांची. बागवाल्यांचे फोन मला येतात, कधी कुणाकडं जायचं ते मी ठरवते. आज सकाळी लय उकडत होतं. मी स्वेटर काढून ठेवला. बाया मात्र मफलर बांधून शेकोटीला. नुसता कामचुकारपणा. चैताली म्हणाली, मावशी, पेपरात सहा डिग्री आलंय. पेपरवाले काहीपण छापतात.

७ डिसेंबर
चैतालीचा एक घड कोरडा राहिला म्हणून बोलले. शेजारच्या बागेतला माणूस धावत आला, कुणाला साप चावला का म्हणून. याला राग म्हणत नाय, माझा आवाजच तसा. तरी उद्यापासून बोलायच्या आधी दहा आकडे मोजायचे.

८ डिसेंबर, रविवार
सहापर्यंत पोचले.

१० डिसेंबर
पाणी पिऊन आले आणि ओळ धरली. अर्धी झाल्यावर भिमाबाई म्हणाली, अगं बाई, ही सकाळीच झाली ना. घड ओले होते खरे, मला वाटलं दहिवर. दोनदा बुडवलं की मणी बिघडतो, हे शेंबडं पोरगंपण सांगेल. बागवाले रविराजभाऊ एकेक घड उलटून बघायला लागले. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. मालकानं नंबर टाकायला नकोत?

१३ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी पाण्याच्या टाकीपाशी बायांना न्यायला दोन पिकअप उभ्या. एक रविराजभाऊची, एक सायखेड्याच्या बागवाल्याची. रविराजभाऊचा दुसरा प्लॉट आणि सायखेड्याची बाग, दोन्हीकडचे मणी आज डिपिंगला आलेले, आणि दोघं म्हणतात कुसाबाईनं शब्द दिला. मी रविराजभाऊला म्हटलं, तुम्हाला नव्हता दिला. त्यांनी मोबाईलवर फोनचं रेकॉर्डिंग लावून ऐकवलं, शुक्रवारी नक्की भाऊ, माझा शब्द. आवाज माझाच होता. मोबाईलमध्ये आजकाल काहीपण करता येतं.
सायखेडावाला वाट्टेल ते बोलून रिकामी गाडी घेऊन गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते गाडीच्या धुरानं.

१४ डिसेंबर
बाया घरी आल्या. भिमाबाई म्हणाली, कुसा, राग धरू नको, पण बागवाल्यांचं आता चैताली बघेल. तू जरा आराम कर. मी दहा आकडे मोजायला घेतले. पुरे दहा झाले. तोवर बाया निघून गेल्या होत्या.

१६ डिसेंबर, सोमवार
घरी. फोन वाजला नाय. नवीन टोळी काढायचं पक्कं केलं. नावं लिहायला बसले. अकरा झाली. सगळ्या त्याच बाया.

१८ डिसेंबर
निकितानं परत डॉक्टरीणबाईकडं नेलं. वही तिनंच पिशवीत टाकली होती. बाई वाचताना दोनदा हसल्या, मग हसल्या नाहीत. रक्त तपासायला दिलं, गोळ्या लिहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला वेड लागलेलं नाय, हे हळूहळू कमी होतं. मी कधी म्हटलं वेड लागलं? मी विचारलं, टोळी कधी मिळंल? म्हणाल्या, त्याची गोळी माझ्याकडं नाय.

२० डिसेंबर, शुक्रवार
चैताली आली. मावशी, हात कमी पडतायत, येता का कामाला? म्हटलं, बघते. म्हणाली, बघू नका, या, तुमच्यासारखा घड कुणाला हाताळता येत नाय.
उद्या साडेसहा. पाण्याच्या टाकीपाशी. रविराजभाऊची बाग, वरचा प्लॉट. स्वेटर आणायचा.
तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी वही घेतली.