मामांची रिकामी जागा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुमचा गुडघा आणि मामीचं तोंड, दोन्ही सुरळीत चालू असेल अशी आशा करते. (हे वाक्य मामीला वाचून दाखवू नका.) मी धडधाकट आहे, पण डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुम्हीच गळ्यात मारलेला विषय: तेजोमेघातल्या कोवळ्या ताऱ्यांभोवती किती वायू आहे ते रेडिओ दुर्बिणीनं मोजायचं.

मोजला. उणे निघाला! कमी नव्हे, चक्क शून्याच्या खाली. आलेखात जिथे उंचवटा हवा तिथे खड्डा. विभागप्रमुखांनी कागद उलटा धरून पाहिला, "असा बरा दिसतो" म्हणाले, आणि महिनाअखेर प्रबंध आला नाही तर सहा वर्षं पाण्यात गेली समजा, असंही वर ऐकवलं. मग मी तंत्रज्ञकाकांच्या मागे लागले. त्यांनी केबल बदलली, रिसीव्हर उघडला, आतून एक वाळलेली पाल काढली आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "आता बघा." बघितलं. पाल बिचारी निर्दोष होती. मी प्रोग्रॅम तीनदा नव्यानं लिहिला, तिसऱ्यांदा खड्डा आणखी खोल गेला. शेवटी आपल्यातच खोट असेल म्हणून डोळे तपासून आले. (नंबर वाढलाय.)

परवा वैतागून जे कोणीच तपासत नाही ते तपासलं. पद्धत तुम्हीच शिकवलीत: एकदा तेजोमेघाकडे बघायचं, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं, म्हणजे यंत्राची नि हवेची कुरकुर निघून जाते. पीठ मोजताना रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो तसं. तर मामा, दुर्बीण आणखी लांबच्या आकाशाकडे वळवून ती 'रिकामी' जागा त्याच्याशी ताडून पाहिली, डबा रिकामा नाही! माझ्या ताऱ्यांभोवती आहे त्याहून जास्त वायू त्या जागेत आहे. आणि सगळा विभाग पंचवीस वर्षं तीच जागा वजा करतोय, का, तर जुन्या वहीत लाल शाईनं लिहिलंय, "इथे काही नाही. खात्री केली आहे." असल्या खात्रीपुढे काय बोलणार?

मामीला नमस्कार. प्रकृतीस जपा.

तुमची वैतागलेली भाची,
चिमी

ता. क. वहीतलं अक्षर तुमचं आहे.

दुसरा ता. क. तुमच्या ताऱ्यांभोवती वायू जास्त, म्हणून तुमचं उत्तर उणे न येता नुसतं कमी आलं, आणि तुमच्या त्या गाजलेल्या निबंधात तुम्ही लिहिलंत की उरलेला वायू ताऱ्यांनी उडवून लावला; तो ताऱ्यांनी नाही, वजाबाकी करताना तुम्हीच उडवलात. हे लिहिल्याशिवाय माझा प्रबंध होत नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय माझ्यानं लिहवत नाही. चार दिवस वाक्य लिहितेय नि खोडतेय. "चालेल" एवढं एका ओळीत कळवा.

तिसरा ता. क. त्या रिकाम्या जागेतून वायूच्या दोन धारा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना सुटताना दिसतायत. म्हणजे आत एक तारा जन्मतोय, कोणाच्याच नोंदीत नसलेला. तिथे तुमच्याइतका वेळ आजवर कोणी बघितलेलं नाही, म्हणून त्याच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं घातलंय. रागावला असलात तरी सही करून पाठवा.