शोभाचा फोन, माझे कान

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून कानाचं मशीन फोनला जोडलं जात नाही. उजवं जोडलं की डावं जातं, डावं जोडलं की उजवं. स्क्रीनवर 'कनेक्ट होत आहे' आणि ते गोल चाक. फिरतंय, फिरतंय. चहा गार झाला. शोभा समोर बसून काहीतरी म्हणाली. मी हात केला, थांब, हे होऊ दे. ती उठून आत गेली. काय म्हणाली ते राहूनच गेलं.

ब्लूटूथ बंद करून चालू. फोन बंद करून चालू. मशीन डबीत ठेवून परत बाहेर. काही नाही. दुपारी जेवताना आपोआप लागलं. मी काहीच केलं नव्हतं. याचाच जास्त त्रास होतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
ॲपने फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी मागितली. कानाच्या मशीनला माझ्या ओळखीपाळखी कशाला हव्यात? नाही म्हटलं तर ॲप उघडेना. दिली. मग म्हणे बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर ब्लू. तुटेल. (यापुढे ब्लू. असंच लिहिणार. पूर्ण शब्द लिहायचासुद्धा कंटाळा आलाय.) बॅटरी सेव्हर बंद केला तर संध्याकाळपर्यंत फोन मेलेला.

सातपूरला कारखान्यात, पत्रा ठोकायच्या प्रेसशॉपमध्ये अख्खी नोकरी काढली. तिथेच कान गेले. पण तिथलं मशीन अडलं तर कुठे हात घालायचा ते कळायचं. इथे हात घालायला जागाच नाही. नुसती काच.

९ नोव्हेंबर, रविवार
विहारात वंदना चालू असताना कानात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. फोन खिशात, आपला आपण चालू झालेला. आजूबाजूला कोणाला काही कळलं नाही. मी एकटाच ऐकत बसलो, मान खाली घालून. बाहेर आल्यावर मशीन काढून खिशात टाकलं. मग शांत. पण मग कोण काय म्हणतंय तेही नाही. सगळ्यांना नुसता हसून जयभीम घालत घरी आलो.

संध्याकाळी शोभाला विचारलं, प्रज्ञाचा फोन आला का. आमची एकच मुलगी, लग्नानंतर पुण्याला असते. दिवाळीच्या सुटीतही आली नाही.
"आला होता. बरी आहे."
"नितीनराव?"
"तेही बरे आहेत."
पूर्वी प्रज्ञा माझ्याशीही बोलायची. मग फोनवर मला ऐकू येईना, ती तिकडून ओरडायची, मी इकडून 'काय? काय?' हळूहळू शोभाच तिचं बोलणं मला सांगायला लागली. चार वाक्यांचं एक करून.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही.

गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. माझा फोन आत चार्जिंगला. शोभा स्वयंपाकघरात. एकदम कानात ती टुंग वाजली, जोडलं गेल्याची. आणि प्रज्ञाचा आवाज. इतका जवळ की मी मागे वळून पाहिलं.

"आई, तुझ्या फोनवर आवाज येत नाही म्हणतेस म्हणून हे रेकॉर्ड करून पाठवतेय. मी हॉस्टेलवर नीट आहे. नितीनकडे परत जायचं माझ्या मनात नाही. तो रोज माझा फोन उघडून बघायचा, कोणाशी काय बोलले, कुठे गेले. मला तिथे श्वास घेता यायचा नाही. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही."

आतून शोभाचं पुटपुटणं, "आवाजच नाही याला." परत लावलं तिने. परत माझ्या कानात तेच, पहिल्यापासून. मग परत एकदा. ती आवाज वाढवत होती, तो माझ्याकडे वाढत होता. शेवटी मी दोन्ही मशीनं काढून मेथीच्या देठांत ठेवली.

म्हणजे प्रज्ञा घर सोडून हॉस्टेलवर राहते आहे. आणि मी दर रविवारी विचारतोय, नितीनराव कसे आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
गंगापूर रोडला तांबोळी मॅडमकडे गेलो. मशीन त्यांनीच बसवलं होतं. सांगितलं, दुसऱ्याच फोनचा आवाज कानात येतो. कोणाचा, काय, ते नाही सांगितलं.

त्यांनी समजावलं. मशीन घेतलं तेव्हा माझा जुना फोन त्याला चालत नव्हता, म्हणून त्यांनी आधी ते शोभाच्या फोनला जोडून दिलं होतं. नंतर मी नवा फोन घेतला, तरी तिच्या फोनमधली जोडणी तशीच राहिली. माझ्या फोनचं ब्लू. तुटलं की मशीन जवळपास ओळखीचा फोन शोधतं. तो शोभाचा. मग तिचा आवाज तिला यायच्या ऐवजी मला येतो. माईकसुद्धा मशीनचाच धरला जातो, त्यामुळे तिचं बोलणं पलीकडे पोचत नाही.
"काका, काकूंच्या फोनमध्ये जाऊन मशीनच्या नावापुढे 'विसरा' दाबा. एवढंच करायचं."

घरी आलो. शोभा अंघोळीला गेलेली, फोन ओट्यावर. सेटिंग उघडली. माझ्याच नावाची दोन मशीनं, उजवं आणि डावं. 'विसरा'वर बोट नेलं. दाबलं नाही.

इतक्या वर्षांत प्रज्ञाचा आवाज असा ऐकला नव्हता. मध्ये श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
नेहमीसारखं विचारलं, नितीनराव कसे आहेत. मुद्दाम तिच्या तोंडाकडे बघत.
"बरे आहेत," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. भात अर्धा टाकलेला.

तिच्यावर राग धरायला गेलो, धरता आला नाही. हिला हे किती दिवस एकटीने वागवावं लागलं. माझ्याशी बोलायचं म्हणजे आवाज चढवायचा. खालच्या मजल्यावरच्या शेखवहिनींना आमच्याकडची भाजी काय ते कळतं, मग हे कसं सांगणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शोभा सिम बदलायला गेली होती. रांगेत उभी राहून पाय सुजले. दुकानातल्याने सिम बदललं, फोन बंद करून चालू केला म्हणे. तिथे फोन चांगला चालला. घरी आल्यावर पुन्हा तेच. तिला वाटतं आपल्या घरातच रेंज नाही. फोन घेऊन खिडकीत उभी राहते, जिन्यात जाते. जिन्यात चालतो. चालणारच, मी लांब असतो ना.

मला कारण माहीत आहे आणि मी गप्प बसतो. आज दुपारी पुन्हा टुंग वाजली. प्रज्ञाच. "हॅलो आई, हॅलो, ऐकू येतंय का?" बस, मग कट. मी तो आवाज यायची वाट बघत होतो हे खरं आहे. मुद्दाम माझा फोन आतल्या खोलीत ठेवला होता, हेही.

तो नितीन तिचा फोन उघडून बघायचा. मी काय करतोय?
उद्या काढून टाकणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
काल काढायचं राहिलं. तिचा फोन सारखा तिच्या हातात.

आज सकाळी अकराच्या सुमारास. मी हॉलमध्ये पेपर वाचत. टुंग. प्रज्ञा. आवाज बसलेला.
"आई, मला ताप आहे. परवापासून आहे. ऑफिसला गेले नाही. रूमवर कोणी नाही." आत शोभा "हॅलो, हॅलो, अगं बोल ना" करत खिडकीकडे गेली ती मला दिसत होती. फोन झटकून पाहिला तिने, तळहातावर आपटला.
"आई, बोल ना काहीतरी," प्रज्ञा म्हणाली. आणि रडायला लागली. ते रडणं दोन्ही कानांत. शोभाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, "प्रज्ञा, मी बोलतोय. पप्पा."
पलीकडचं रडणं थांबलं.
"पप्पा? तुम्हाला ऐकू येतंय?"
"येतंय. डॉक्टरकडे गेलीस का?"
"नाही."
"कोणी बरोबर आहे?"
"नाही."
"आई संध्याकाळपर्यंत येते तुझ्याकडे. तोवर पाणी पीत राहा. काही खाल्लंस का?"
"बिस्किटं."
"बरं."
फोन ठेवला नाही तिने. नुसतं तिचं नाक ओढणं ऐकत राहिलो.

वर बघितलं तर शोभा दारात. फोन हातात, आणि माझ्याकडे बघतेय. मी कोणाशी बोलतोय ते तिला कळलं होतं.

तिला म्हटलं, बॅग भर. काही न विचारता भरली. दीडची गाडी मिळाली. मीही येतो म्हटलं तर म्हणाली, "हॉस्टेल बायकांचं आहे."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शोभा पुण्याला. मेसेज आला: ताप उतरतोय. गोळ्या चालू. एवढंच.

घरात काही वाजत नाही. माझा फोन आणि मशीन मात्र सकाळपासून एकदाही तुटले नाहीत. बोलायला कोणी नाही तेव्हा बरोबर चालतं. डाळ लावली, शिट्ट्या मोजायच्या विसरलो, खाली लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार
शोभा परत आली. पाणी प्यायली, पाय वर घेऊन बसली. मग:
"कधीपासून ऐकताय?"
सांगितलं. मेथीच्या दिवसापासून.
"आणि मी सिमसाठी उभी राहिले, तेव्हा माहीत होतं तुम्हाला."
"हो."
"मी जिन्यात जाऊन बसायचे, अहो."
मी म्हटलं, चुकलंच माझं. ती म्हणाली, मीही नाही सांगितलं तुम्हाला. पण ते एकमेकांत वजा होत नाही. तिलाही ते माहीत होतं.

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "कुठे दाबायचं ते दाखवा." दाखवलं. उजवं तिने दाबलं, डावंही तिनेच. माझ्या कानात एक बारीक आवाज झाला आणि गेला.

नंतर तिने सगळं सांगितलं. प्रज्ञाचं, नितीनचं, पहिल्यापासून. मशीन नीट चालू होतं, तिला ओरडावं लागलं नाही. बोलता बोलता सवयीने आवाज चढायचा, मग माझ्याकडे बघून खाली आणायची. भाजी करायची राहिली. पवननगरवरून पोहे आणून खाल्ले.

२६ नोव्हेंबर, बुधवार
प्रज्ञाने माझ्या फोनवर फोन केला. माझ्या. उचलायला गेलो तर ब्लू. तुटलेलं, उचलेपर्यंत कट. मी लावला तर तिचा बिझी. ती मला लावत होती, मी तिला. शेवटी स्पीकरवर टाकून बोललो, निम्मं कळलं. शनिवारी येते म्हणाली. का 'येऊ का' म्हणाली, ते नीट कळलं नाही. मी 'ये' म्हटलं. दोन्हीला चालतं.

तांबोळी मॅडम म्हणतात, मशीनचं नवीन अपडेट आलंय, ते घ्या. घेतलं. आता उजवं जोरात आणि डावं बारीक.

२९ नोव्हेंबर, शनिवार
द्वारका चौकात, पुण्याची बस थांबते तिथे, प्रज्ञाला घ्यायला गेलो. मशीन लावलं होतं, पण रिक्षा, बस, हॉर्न, सगळं मिळून एकच गोंगाट. प्रज्ञा उतरली. बारीक झाली आहे. काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर तिने माझ्या डाव्या बाजूने उठून उजवीकडे बसून परत सांगितलं, "पप्पा, मी थोडे दिवस राहणार आहे."
"राहा."
बॅग मोठी होती.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी विहारात गेलो नाही. तिघं घरीच.

जेवायच्या आधी माझा फोन वाजला. नितीनराव. घेतला. आज नेमकं सगळं जोडलेलं, स्वच्छ ऐकू आलं.
"बाबा, प्रज्ञा तिकडे आहे का? कालपासून तिचा फोन लागत नाही, लोकेशनही दिसत नाही. मी रागावलो नाहीये. फक्त कुठे आहे एवढं सांगा." आवाज थकलेला होता. मला वाटलं होतं चिडलेला असेल. मग म्हणाला, "बाबा, ऐकू येतंय ना?"

नाही येत म्हणता आलं असतं. कोणालाही खरं वाटलं असतं.

"येतंय," म्हटलं. "पण ते तुम्हाला प्रज्ञाच सांगेल. तिला सांगायचं असेल तेव्हा."
"म्हणजे ती तिथेच आहे."
"मी एवढंच बोलू शकतो." आणि ठेवला. फोन टीपॉयवर ठेवून स्वयंपाकघरात गेलो.

दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मला बघून थांबल्या. शोभा पोळ्या लाटत, प्रज्ञा भाजत. मी म्हटलं, "नितीनरावांचा फोन होता. तू कुठे आहेस विचारत होते. मी सांगितलं नाही. पण बहुतेक कळलं त्यांना."

प्रज्ञाने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "पप्पा, बसा." शोभाने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. बसलो.

काय करायचं ते अजून कोणालाच माहीत नाही. बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात हॉलमध्ये फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी तिघांनाही ऐकू येत होता. कोणी उठलं नाही.